डीडी फ्री डिश: रिचार्ज शून्य, पण पैसे जातातच

गावी आईसाठी दिवाळीच्या आधी डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची बिनरिचार्जची डिश बसवली, आता उन्हाळा आलाय, म्हणजे बऱ्यापैकी वापरून झालीये. बॉक्स, छत्री, वायर सगळं धरून दोन हजारांच्या आत काम झालं आणि नंतर एक रुपयाचा रिचार्ज नाही. चित्र स्वच्छ, सह्याद्रीच्या बातम्या, जुने मराठी पिक्चर, आईला लागतं ते सगळं आहे.

पण हे फुकट कोणाला आणि कसं परवडतं ते बघा. 2004 ला डीडी डायरेक्ट प्लस नावाने हे सुरू झालं. खाजगी चॅनलवाले यावर यायला दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीच्या ई-लिलावात कोटींमध्ये बोली लावून जागा घेतात आणि आपल्याकडून त्यांना दमडी मिळत नाही, म्हणजे तो सगळा खर्च जाहिरातींतूनच वसूल करायचा. त्यात दुपारी टीव्हीसमोर बहुतेक म्हातारी माणसंच असतात, मग काही चॅनलवर साबण-बिस्किटं राहतात बाजूला आणि गुडघ्याचं तेल, शुगरची पावडर, नशीब उघडणारं यंत्र हेच चालू, तेही इतका वेळ सलग की पिक्चर कुठवर आला होता तेच विसरायला होतं.

एका जाहिरातीत आजोबा डॉक्टरच्या गोळ्या कचऱ्याच्या डब्यात टाकतात आणि ताटात जिलेबी वाढून घेतात, खाली मोठ्ठा नंबर, आत्ता फोन करा, एकावर एक फ्री. आईने तो नंबर कॅलेंडरवर लिहून घेतला, शेजारच्या पोराकडून फोन लावून घेतला, पार्सल आलं, पैसे दिले. पैशाचं एकवेळ सोडा हो, पण त्यांचा माणूस सारखा फोन करून "माताजी, कोर्स पूरा करो" म्हणत राहिला आणि आईने शुगरची रोजची गोळी बंद केली. पायाला मुंग्या यायला लागल्या तेव्हा कळलं, तपासली तर शुगर भयंकर वाढलेली.

मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायलाच 1954 च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने बंदी आहे. तरी भरदुपारी बिनधास्त चालू आहे, कारण त्या वेळेचे पैसे द्यायला हेच लोक तयार असतात.

डिश काढणार नाही, आईची करमणूक तीच आहे. पण घरात वयस्कर माणूस एकटं असेल तर बसवून देऊन मोकळे होऊ नका, एक अख्खी दुपार त्यांच्यासोबत बसून टीव्हीवर काय काय लागतं ते बघा. आणि अशी जाहिरात दिसली तर चॅनलचं नाव, वेळ, स्क्रीनचा फोटो घेऊन 1915 या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करा, मी केलीये.