‘१,४९९ मध्ये वर्षभर सगळे चॅनल’ : गेले ४०,५९९

आधी हिशेब. १,४९९ रुपये मोबाईलवरच्या आयपीटीव्हीचे, म्हणजे इंटरनेटवरून दिसणाऱ्या टीव्हीचे, ‘सगळे चॅनल, एक वर्ष’ म्हणून. ३५० रुपये ‘सर्व्हर बदल’ म्हणून. मग डेबिट कार्डावरून १९,९०० आणि १८,८५०, दोन्ही चोवीस मिनिटांच्या आत. एकूण ४०,५९९. पहिले १,८४९ गेले तर गेले, तो जुगार होता हे माहीत होतं. उरलेले ३८,७५० हा सरळ दरोडा आहे, आणि त्यातल्या शेवटच्या १८,८५० वर चोराइतकाच बँकेचाही हात आहे. ते पुढे येईल.

‘फुकटात हवं होतं ना, मग भोगा’ म्हणणाऱ्यांना आधीच सांगतो. घरात बघणाऱ्यांचं वय सत्तरीच्या पुढे. स्टार प्रवाहची मालिका बघायची तर जिओहॉटस्टार, झी मराठीची बघायची तर झी५, सोनी मराठीची बघायची तर सोनीलिव्ह. तीन ॲप, तीन वर्गण्या, तीन ठिकाणी लॉगिन, आणि दर थोड्या दिवसांनी कुठलं तरी एक आपोआप लॉगआउट. अशा वेळी कोणी म्हणालं की एकाच ॲपमध्ये सगळं येईल, रिमोटसारखं वर-खाली करायचं, तर माणूस ऐकतोच. शिवाय विकणाऱ्याने बिल दिलं होतं. छापील, लोगोसकट, जीएसटी क्रमांकासकट. तो क्रमांक नंतर मोजला तर अक्षरं चौदा. जीएसटीचा क्रमांक पंधरा अक्षरांचाच असतो : पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राला २७, गोव्याला ३०, मग दहा अक्षरांचा पॅन, मग आणखी तीन. बिल आलं की आधी मोजा. जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकून नावही बघता येतं, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

मोबाईलवर आयपीटीव्ही लावणं मुळात काही अवघड नाही, आणि हे सोपेपणच घात करतं. प्लेअर ॲप हा नुसता रिकामा डबा असतो, त्यात एकही चॅनल नसतो. चॅनल येतात ते विकणाऱ्याच्या सर्व्हरवरून. त्यासाठी दोन रस्ते. एक, एम३यू लिंक : साधी मजकुराची फाइल, प्रत्येक चॅनलला दोन ओळी, वरच्या ओळीत नाव, लोगो, गट, खालच्या ओळीत स्ट्रीमचा पत्ता. ही लिंक व्हीएलसी या साध्या व्हिडिओ प्लेअरमध्येही चालते. ‘मोअर’मध्ये जाऊन ‘न्यू स्ट्रीम’, तिथे चिकटवायची, झालं. दुसरा रस्ता एक्सट्रीम लॉगिनचा : सर्व्हरचा पत्ता पोर्टसकट, युजरनेम, पासवर्ड. तीन रकाने. चौथा असलाच तर यादीला द्यायच्या नावाचा. कार्यक्रमांचं वेळापत्रक हवं असेल तर ईपीजीची वेगळी लिंक, आणि तीही बहुतेक वेळा लॉगिनबरोबर आपोआप येते. एवढ्यासाठी प्लेअरला इंटरनेट लागतं, आणि लिंकऐवजी फाइल उघडायची तर स्टोरेज. मेसेज वाचायची परवानगी लागत नाही, कॉल लॉग लागत नाही, कॉन्टॅक्ट लागत नाहीत. टीव्ही दाखवायला ओटीपी कशाला वाचायचाय?

डेटाचाही भ्रम काढून टाका. चांगल्या एचडी चॅनलला सेकंदाला साधारण पाच मेगाबिट लागतात, म्हणजे तासाला सव्वादोन जीबी. रोजचा दीड जीबीचा रिचार्ज चाळीस मिनिटांत उडतो. ‘आमचा सर्व्हर कमी डेटा खातो’ म्हणणारा एकतर चित्र बिघडवून देतो किंवा थापा मारतो.

आता पहिली थाप. विकणारा स्वतः सर्व्हर चालवत नाही. तो रिसेलर असतो, वरच्या पॅनलवाल्याकडून, म्हणजे सर्व्हरचा ताबा असलेल्याकडून, क्रेडिट विकत घेतो. साधारण एका क्रेडिटला एका महिन्याची एक लाइन, म्हणजे एका ग्राहकाचं लॉगिन, निघते. म्हणजे तुमची लाइन जिवंत ठेवायला त्याला दर महिन्याला पदरचे क्रेडिट घालावे लागतात. म्हणूनच ‘लाइफटाइम’ नावाची गोष्ट या धंद्यात असूच शकत नाही, आणि वरचा पॅनल कधी गायब होईल याचा भरवसा त्यालाही नसतो. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये इटलीच्या पोलिसांच्या पुढाकाराने अशा पॅनलचं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या एक्सट्रीम कोड्सवर युरोपभर छापे पडले, तेव्हा कितीतरी रिसेलर्सचे चॅनल एका दिवसात काळे पडले. ग्राहकांच्या भरलेल्या वर्षांचं काय झालं, ते विचारायला कोणी उरलं नव्हतं.

पॅनलवरून चोवीस तासांची ट्रायल लाइन मात्र बहुतेकदा फुकट काढता येते. मग डाव असा : १,४९९ घ्यायचे, ट्रायल लाइन द्यायची, दुसऱ्या दिवशी ती मेली की ‘सर्व्हर डाउन आहे, नवीन सर्व्हरला ३५० पडतील’. पुन्हा ट्रायल. ही चोरी पकडायला काही लागत नाही. प्लेअरमध्ये ‘अकाउंट इन्फो’ नावाचं पान असतं. त्यावर चार ओळी : स्टेटस ॲक्टिव्ह, एक्स्पायरी डेट, मॅक्स कनेक्शन्स एक, आणि इज ट्रायल : यस. यस! पांढऱ्यावर काळं लिहिलेलं होतं. एक्स्पायरी उद्याची होती. पण लॉगिन टाकल्याबरोबर चॅनलची यादी समोर येते, लोगो चमकतात, मालिका लागते, आणि मग कोण सेटिंगमध्ये खोलात जाऊन इंग्रजी ओळी वाचतो? पैसे देण्याआधी ट्रायल मागा, पैसे दिल्यावर तेच पान उघडा. ‘इज ट्रायल’समोर ‘नो’ आणि तारीख पुढच्या वर्षाची नसेल, तर तिथेच भांडण करा, उद्या नको. लॉगिन एकाच कनेक्शनचं असेल आणि त्याने तेच चौघांना विकलं असेल, तर ऐन सामन्यात तुमचं चित्र बंद पडणार, कारण दुसऱ्याने टीव्ही लावला.

इथपर्यंत १,८४९ चा विषय. खरा खेळ पुढे.

दुसरा सर्व्हरही मेल्यावर निरोप आला : “दादा, नवीन सर्व्हरला जुनं ॲप चालत नाही, अपडेट पाठवतो.” चॅटमधून एपीके, म्हणजे प्ले स्टोअरशिवाय ॲप टाकायची फाइल, आली. आता कोणी म्हणेल, एपीके आली तिथेच ओळखायला हवं होतं. अहो, या धंद्यात एपीके रोजचीच असते. चांगले प्लेअरही प्ले स्टोअरवरून अधूनमधून काढले जातात, मग लोक बाहेरून टाकतात. ‘अननोन ॲप’ला परवानगी देणं हे आयपीटीव्हीवाल्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे, आणि चोराला हे पुरतं माहीत असतं. मुद्दा एपीकेचा नाहीच.

मुद्दा त्याच्या पुढच्या वाक्याचा आहे. “प्ले प्रोटेक्ट बंद करा, नाहीतर प्रीमियम चॅनल लॉक होतात.” प्ले स्टोअर, वर कोपऱ्यात फोटो, प्ले प्रोटेक्ट, सेटिंगचं दातेरी चक्र, ‘स्कॅन ॲप्स’ बंद. स्क्रीनशॉट काढून, लाल बाण करून पाठवलं होतं. विचार करा : चॅनल सर्व्हरवर आहेत. प्ले प्रोटेक्ट, म्हणजे ॲप तपासणारा गुगलचा पहारेकरी, फोनमध्ये आहे. चॅनल लॉक करायचा त्याचा संबंधच येत नाही. तो फक्त फोनवर कोणतं ॲप येतंय एवढंच बघतो, आणि भारतात तर गुगलने २०२४ मध्ये अशी सोय आणायला घेतली की ब्राउझर किंवा चॅटमधून आलेलं ॲप मेसेज वाचायला, नोटिफिकेशन बघायला किंवा ॲक्सेसिबिलिटी, म्हणजे स्क्रीन वाचून आपल्या वतीने बटणं दाबायचा हक्क, मागत असेल तर ते टाकूच द्यायचं नाही. म्हणजे हे कुलूप नेमकं याच चोरासाठी बसवलेलं, आणि चोराने सांगितलं म्हणून आपल्या हाताने काढलं. हे आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

त्यानंतर आणखी एक कुलूप होतं. ॲपने ॲक्सेसिबिलिटी मागितली, कारण ‘रिमोट मोड’. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून टाकलेल्या ॲपला ती सहज मिळत नाही, ‘रिस्ट्रिक्टेड सेटिंग’ अशी पाटी येते आणि बटण करडं राहतं. त्यावरही लाल बाणाचा स्क्रीनशॉट तयार : ॲप इन्फो, तीन टिंबं, ‘अलाउ रिस्ट्रिक्टेड सेटिंग्ज’. टीव्हीचं ॲप लावताना ही तीन टिंबं उघडायची वेळ आली, तर पुढे जाऊ नका. ॲप काढा, प्ले प्रोटेक्ट चालू करा, आणि त्या माणसाला ब्लॉक करायच्या आधी चॅटचे स्क्रीनशॉट घ्या. नंतर तो सगळं दोन्हीकडून पुसतो.

ॲप उघडल्यावर पान आलं : ‘एक रुपया भरून खातं पडताळा.’ कार्ड क्रमांक, मुदत, सीव्हीव्ही. तो एक रुपया कधी कापलाच गेला नाही. कापायचा नव्हताच. कार्ड मिळालं, मेसेज वाचायची परवानगी मिळाली, बस. ओटीपी आले, पण वर पट्टी दिसली नाही, कारण नोटिफिकेशनचा ताबा ॲपकडे होता आणि ते पट्टी झटकन काढून टाकत होतं. मेसेज इनबॉक्समध्ये शांत पडून होते. ११:४२ ला १९,९०० गेले. कळलं ते ईमेलमुळे. ईमेलवर व्यवहाराच्या सूचना चालू नसतील तर आज चालू करा, मेसेजवर विसंबू नका.

आणि आता बँक. हेल्पलाइनला फोन. भाषा निवडा, कार्डाचे शेवटचे चार आकडे दाबा, आमच्या नव्या कर्जाची माहिती ऐका, आमचे सर्व प्रतिनिधी व्यस्त आहेत. ११:५८ ला तक्रार क्रमांक मिळाला आणि ‘कार्ड ब्लॉकची रिक्वेस्ट घेतली आहे’ असं ऐकवलं. १२:०६ ला १८,८५० गेले. त्याच कार्डावरून. तक्रार नोंदवल्यावर आठ मिनिटांनी! शाखेत विचारलं तर उत्तर : “रिक्वेस्ट प्रोसेसमध्ये होती, आणि ओटीपी तर तुमच्याच फोनवर गेलाय.” रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात नियम घालून दिला. ग्राहकाच्या हलगर्जीपणामुळे नुकसान झालं तरी बँकेला कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. आणि ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर. त्याची छापील प्रत टेबलावर ठेवली, तर साहेबांनी ती बाजूला सारून सांगितलं, “हे हेड ऑफिस बघतं.” हेड ऑफिस म्हणतं शाखा बघते. तोंडी काही बोलूच नका. लेखी द्या, तक्रारीची वेळ आणि पैसे गेल्याची वेळ दोन्ही लिहा, पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, चौकशीसाठी १४४४८ आहे.

ॲपमधून कार्ड स्वतः बंद करता येतं, तेच आधी करायचं, पण दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून. कार्डाचे ऑनलाइन व्यवहार चालू-बंद करण्याची सोय २०२० पासून प्रत्येक बँकेला द्यावी लागते. डेबिट कार्डावर ऑनलाइन मर्यादा शून्य ठेवा, लागेल तेव्हा उघडा.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लगेच करा, कारण पैसा पुढच्या खात्यात असेपर्यंतच रोखता येतो. यूपीआयचा बारा अंकी यूटीआर, म्हणजे व्यवहार क्रमांक, कार्ड व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, रक्कम, वेळ हे हाताशी ठेवा. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर पूर्ण तक्रार.

पोलीस ठाण्याचं मात्र विचारू नका. पहिला प्रश्न : “पायरेटेड चॅनल घेताना पोलीस आठवले नाहीत का?” दुसरा : “हद्द कोणती?” तिथून सायबर शाखेत पाठवलं, सायबर शाखेने ‘रक्कम लहान आहे, ठाण्यातच द्या’ म्हणून परत पाठवलं. ठाण्यात पुन्हा गेलं तर साहेब बंदोबस्तावर. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक दर्जाच्या खालचा अधिकारी करू शकत नाही, हे खरं आहे. पण तपास आणि नोंद यात फरक असतो की नाही? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती घ्यावीच लागते. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. हे हवालदारांना सांगितलं तर, “वकील आहात का?” शेवटी अर्जावर ‘मिळाला’चा शिक्का. एफआयआर नाही. आणि चोराने वापरलेला नंबर त्या दिवशीही चालू होता, डीपीत गणपती. चॅनल चोरून दाखवणारा गुन्हेगार आहेच, कॉपीराइट कायद्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मग त्याला पकडा ना! बघणाऱ्याला टोमणे मारून त्याचा धंदा कसा बंद होणार?

यूपीआयच्या ऑटोपेमध्येही एकदा डोकवा. एक रुपयाची ट्रायल म्हणून पिन घेतात आणि मँडेटवर, म्हणजे परस्पर पैसे कापायच्या परवानगीवर, बारीक अक्षरात कमाल रक्कम भलतीच असते. १५,००० पर्यंतचे पुढचे हप्ते पुन्हा पिन न विचारता जातात. अनोळखी दिसेल ते रद्द करा.

सरळ मार्गाने बघायचं तर दूरदर्शनच्या वाहिन्या ‘वेव्हज’ ॲपवर दिसतात. प्रसार भारतीने ते नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातल्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात सुरू केलं. मालिकांची सोय त्याने होत नाही, हे मान्य.

फोन साफ करताना आधी विमान मोड, मग ॲक्सेसिबिलिटी काढा, मग डिव्हाइस ॲडमिनमधून नाव काढा, मगच ॲप निघतं. उलट्या क्रमाने गेलात तर ‘अनइन्स्टॉल’ दाबलं की स्क्रीन स्वतःच मागे जाते. तसं झालं तर सेफ मोडमध्ये (यात बाहेरून टाकलेली ॲप चालत नाहीत) फोन चालू करून काढा. आयकॉन लपवलेला असतो, सेटिंगमधल्या पूर्ण यादीत शोधा. एवढं करूनही फॅक्टरी रीसेट कराच, बँकेचे पासवर्ड आणि यूपीआय पिन दुसऱ्या फोनवरून बदला, आणि बॅकअपमधून फक्त फोटो व कॉन्टॅक्ट परत घ्या, ॲप एकेक करून प्ले स्टोअरवरून नव्याने टाका.