वायर तुटते की रबर फाटतं? वाकणाऱ्या सर्किटसाठी सेल्फ-हीलिंग मटेरियल निवडताना

सेल्फ-हीलिंग, म्हणजे तुटल्यावर स्वतःच जुळणाऱ्या, मटेरियलचा कुठलाही व्हिडिओ बघा, ब्लेडने पट्टी कापतात, दोन तुकडे अगदी काटेकोर जुळवून दाबून धरतात आणि एलईडी परत पेटतो. भारी वाटतं, मला आजही वाटतं. पण तुम्ही मनगटावरचा सेन्सर किंवा रोबोच्या बोटाची संवेदना देणारी पट्टी बनवताय आणि मटेरियल ठरवायचंय, तर "किती सेकंदात जुळतं" हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. आधी बघा की तुमच्याकडे तुटतंय काय, करंट नेणारा ट्रॅक की त्याला धरून ठेवणारं रबर, आणि तुटल्यावर तुकडे जुळवून धरायला तिथे कोणी असणार आहे का. एवढं कळलं तरी निम्मे पर्याय आपोआप गळतात.

कॅप्सूलवाली पद्धत पटकन सांगून टाकतो. प्लास्टिकमध्ये बारीक कॅप्सूल पेरायच्या, भेग पडली की त्या फुटतात आणि आतलं द्रव्य भेगेत भरतं. इलिनॉय विद्यापीठात २००१ मध्ये हे आधी मजबुतीसाठी केलं गेलं, नंतर २०११ मध्ये तिथेच कॅप्सूलमध्ये गॅलियम-इंडियमचा द्रव धातू भरून तुटलेला सोन्याचा ट्रॅक एका मिलिसेकंदाच्या आत जोडला आणि जवळजवळ ९९ टक्के कंडक्टिव्हिटी, म्हणजे करंट नेण्याची क्षमता, परत आली. वेग अफलातूनच, पण कॅप्सूल एकदा फुटली की संपली, त्याच जागी दुसऱ्यांदा भेग पडली तर तिथे भरायला काही उरत नाही. आणि वाकणारी वस्तू रोज त्याच घडीवर वाकते, म्हणून आपल्या कामाला मी ही पद्धत घेणार नाही.

खरी निवड आहे ती हायड्रोजन बंधांचं रबर आणि द्रव धातू यांच्यात.

या रबरात रेणूंच्या साखळ्या एकमेकींना हायड्रोजनच्या कमजोर बंधांनी धरून असतात, कापलं की ते बंध सुटतात आणि परत जवळ आणलं की पुन्हा धरतात, तेही कितीही वेळा. २००८ मध्ये लुडविक लाइबलरच्या फ्रान्समधल्या टीमने फॅटी ॲसिड आणि युरियापासून असं रबर केलं जे साध्या खोलीच्या तापमानाला जुळायचं. त्यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, तुकडे फार वेळ वेगळे राहिले तर कापलेल्या तोंडावरचे मोकळे बंध आपापसातच जोडीदार शोधतात आणि मग ते तोंड दुसऱ्या तुकड्याला नीट धरत नाही. म्हणजे पट्टी रात्री फाटली आणि सकाळी तुम्ही जुळवायला गेलात, तर ताज्या चिरेइतकी ती जुळेलच असं धरून चालू नका. मध्ये धूळ बसली तर अजून वाईट.

हे रबर स्वतः करंट नेत नाही, म्हणून स्टॅनफर्डला झेनान बाओंच्या टीमने २०१२ मध्ये त्यात निकेलचे कण घातले. कंडक्टिव्हिटी ४० सीमेन्स प्रति सेंटीमीटर, कापून जुळवल्यावर १५ सेकंदात ९० टक्के परत, आणि मजबुती यायला १० मिनिटं. आता ४० हा आकडा ऐकायला बरा वाटतो, पण हिशोब करून बघा. १० सेंटीमीटर लांब, १ मिलिमीटर रुंद, १०० मायक्रॉन जाड ट्रॅक धरला तर रेझिस्टन्स येतो २५० ओहम. त्यातून २० मिलिॲम्पचा एलईडी चालवायचा म्हटलं तर नुसत्या ट्रॅकवरच ५ व्होल्ट खर्च होतात, आणि जायचा-यायचा असे दोन ट्रॅक असतात! सेन्सरला चालेल, तिथे करंट नगण्य असतो. पॉवर लाइनला अजिबात नाही. शिवाय निकेलची अ‍ॅलर्जी पुष्कळ लोकांना असते, त्यामुळे त्वचेवर लावायचं असेल तर वरून थर दिल्याशिवाय हे मटेरियल वापरूच नका.

त्याच मापाचा ट्रॅक द्रव धातूचा केला तर? साधारण ०.३ ओहम. ७५ टक्के गॅलियम आणि २५ टक्के इंडियमचं हे मिश्रण साडेपंधरा अंशांच्या आसपास वितळतं, तांब्यापेक्षा सतराएक पट कमी करंट नेतं पण निकेल-रबरापेक्षा शेकडो पट जास्त. हवा लागली की वर काही नॅनोमीटरची ऑक्साइडची साय धरते, म्हणून कापलं तरी भळभळा वाहत नाही. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात २०१८ मध्ये याचे थेंब सिलिकॉन रबरात मिसळून सर्किट केलं, ते कापलं किंवा भोक पाडलं की आजूबाजूचे थेंब फुटून एकमेकांत मिसळतात आणि करंटला वळसा घालून नवी वाट मिळते, कोणी हात न लावता. तुकडे जुळवायला कोणी नसेल तर याला तोड नाही असं माझं स्पष्ट मत आहे. पण रबराला पडलेलं भोक तसंच राहतं हं! वीज सावरते, अंग नाही. आणि अ‍ॅल्युमिनियमपासून हे लांबच ठेवा, गॅलियम त्यात शिरून त्याचा भुगा होईल इतकं ठिसूळ करतं, तांब्याच्या पॅडशीही हळूहळू संयोग करतं.

उलट हायड्रोजन बंधांच्या रबराचं अंग सावरतं पण त्याची एक खोड कोणी व्हिडिओत दाखवत नाही. जे आपोआप जुळतं ते घडी घालून ठेवलं की स्वतःलाच चिकटतं, आणि सतत ताण राहिला की हळूहळू ओघळल्यासारखं लांबत जातं, कारण बंध सुटत-धरत असतात हेच तर त्याचं मूळ आहे. ताण मोजणाऱ्या स्ट्रेन सेन्सरला याचा फटका बसतो, रीडिंग सरकत जातं. मऊपणा आणि आपोआप जुळणं बहुतेक वेळा एकत्रच येतं, कडक मटेरियल हवं तर सहसा उष्णता द्यावी लागते. डिल्स-आल्डर प्लास्टिक, म्हणजे फ्युरान आणि मॅलिमाइड या दोन रसायनांच्या उष्णतेने सुटणाऱ्या-जुळणाऱ्या बंधांचं, चांगलं कडक असतं पण जुळवायला १२० अंशांच्या वर न्यावं लागतं, एवढ्यात पेट (PET) प्लास्टिकची फिल्म वाकडी होते, आणि लिथियम बॅटरी जवळ असेल तर विचारच नको.

आयनवाले जेल, म्हणजे ज्यांत करंट विरघळलेल्या मिठाचे आयन नेतात, फक्त स्पर्श किंवा ताण मोजायला घ्या. मीठ घातलेल्या जेलची कंडक्टिव्हिटी समुद्राच्या पाण्याइतकी धरली तर वरच्याच ट्रॅकचा रेझिस्टन्स दोनेक लाख ओहम येतो, डीसी लावला की इलेक्ट्रोडवर रासायनिक भानगडी सुरू होतात, आणि साधं हायड्रोजेल उघडं ठेवलं की सुकतं. पाण्याखालीच काम करायचं असेल तर मात्र सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठाने २०१९ मध्ये दाखवलेल्या फ्लोरिनयुक्त पॉलिमर आणि आयनिक लिक्विडच्या (द्रवरूप मिठाच्या) जेलसारखा प्रकार बघा, तो ओला असतानाही जुळतो.

अनेक थरांचा कपॅसिटिव्ह सेन्सर (थरांमधला विद्युत भार मोजून स्पर्श किंवा दाब ओळखणारा) असेल तर आणखी एक अडचण, थर इकडचे तिकडे सरकले तर जुळूनही उपयोग नाही. यावर स्टॅनफर्डचं २०२३ चं काम मला फार आवडतं. सिलिकॉन आणि पॉलिप्रोपिलीन ग्लायकॉल असे एकात एक न मिसळणारे दोन पॉलिमर आलटून पालटून ठेवले, बंध दोघांत सारखेच, त्यामुळे प्रत्येक थर आपल्याच जातीचा थर शोधून जुळतो. ७० अंशांना साधारण २४ तास लागतात, म्हणजे घाई असेल तर नाही.

मी स्वतः आज पट्टी बनवायला बसलो तर ट्रॅक द्रव धातूचा आणि खालचं अंग हायड्रोजन बंधांच्या रबराचं घेईन, वरून पातळ साधं सिलिकॉन, चिकटू नये म्हणून. निकेल-रबर फक्त दाब मोजणाऱ्या जागी. नमुना हातात आला की ब्लेडने कापून लगेच जुळवू नका, ओढून फाडा, तासभर धुळीत ठेवा, मग जुळवा आणि चार वायर लावून (दोन करंटला, दोन व्होल्टेजला) रेझिस्टन्स मोजा. आणि जिथे मऊ पट्टी संपून कडक चिप सुरू होते तो सांधा वेगळा तपासा, ताण तिथेच साठतो, पट्टी बहुतेक तिथेच तुटते, आणि वर सांगितलेल्यातलं कुठलंही मटेरियल तुटलेलं सोल्डर जोडत नाही, म्हणून तिथे कडकपणा एकदम न बदलता टप्प्याटप्प्याने बदलेल असा थर आधीच डिझाइनमध्ये धरा.