ऑरलँडोतला बिनतिकिटाचा दिवस: डिस्ने वर्ल्डच्या आवारात कुठे जावे?

अमेरिकेत मुलाकडे किंवा लेकीकडे दोन-तीन महिने राहायला गेलेल्या आईवडिलांना घेऊन फ्लोरिडाला जाण्याचा बेत आता मराठी घरांत नवलाचा राहिलेला नाही. हा बेत अडतो तो तिकिटांपाशी. डिस्ने वर्ल्ड या मनोरंजननगरीतल्या चार मोठ्या उद्यानांपैकी कोणत्याही एकाचे एका दिवसाचे तिकीट शंभर डॉलरांच्या पुढेच असते आणि गर्दीच्या तारखांना त्याहून बरेच वर जाते. तीन वर्षांखालील बाळ सोडले तर घरातल्या प्रत्येकाला ते काढावे लागते, आणि तीन ते नऊ वर्षांच्या मुलांना मिळणारी सवलत नावापुरतीच असते. वेगवान पाळण्यांत बसण्याची ज्यांना हौस नाही आणि रांगेत तास-दीड तास उभे राहणे ज्यांच्या गुडघ्यांना सोसत नाही, अशा आजी-आजोबांसाठी सलग चार दिवस हा खर्च करण्यात अर्थ नसतो. म्हणून अनेक कुटुंबे मधला एक दिवस मोकळा ठेवतात. त्या दिवशी तिकीट न काढता डिस्नेच्याच आवारात कुठे जावे, एवढ्याच प्रश्नाचा विचार येथे केला आहे.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी उघडलेला हा परिसर सुमारे शंभर चौरस किलोमीटरचा आहे. त्यात तिकिटाची फाटके आहेत ती फक्त चार उद्याने आणि दोन जलउद्याने यांना. उरलेला भाग, म्हणजे पंचवीसहून अधिक हॉटेले, तळी, बाजारपेठ, मोनोरेल, बोटी आणि रोपवे, फाटकाबाहेरच राहतो.

मात्र ‘फुकट’ या शब्दावर विसंबून गाडी काढण्यापूर्वी पार्किंगचे गणित समजून घ्यावे, कारण प्रवेश फुकट असलेला दिवस महाग पडतो तो इथेच. उद्यानांच्या वाहनतळावर गाडी लावण्याचे सुमारे ३० डॉलर पडतात, आणि मोनोरेल जिथून सुटते त्या मुख्य वाहतूक केंद्राचा तळही त्यातच मोडतो. हॉटेलांचे वाहनतळ तिथे उतरलेल्यांसाठी किंवा तिथल्या उपाहारगृहात जेवणाचे आरक्षण असलेल्यांसाठी असतात. फाटकावरचा रक्षक नाव विचारतो आणि नाताळ किंवा ४ जुलैच्या (अमेरिकी स्वातंत्र्यदिनाच्या) सुमारास नुसते ‘बघायला आलो’ म्हणणाऱ्याला परत पाठवतो. डिस्ने स्प्रिंग्ज या बाजारपेठेचे वाहनतळ तेवढे सर्वांना विनामूल्य आहेत. तिथून हॉटेलांकडे बसगाड्या आणि बोटी जातात हे खरे, पण ती सोय मुळात हॉटेलच्या पाहुण्यांसाठी आहे आणि चढताना आरक्षण विचारले जाऊ शकते, त्यामुळे संपूर्ण दिवस तिच्या भरवशावर आखू नये. माझ्या मते ज्यांना हॉटेले पाहायची आहेत त्यांनी एक तर एका वेळच्या जेवणाचे आरक्षण करावे, नाहीतर सरळ टॅक्सीने जाऊन दारात उतरावे. चार माणसांत टॅक्सीचे भाडे वाटून घेतले तर ते बहुधा पार्किंगपेक्षा जड जात नाही.

पहिला पर्याय अर्थातच डिस्ने स्प्रिंग्ज. १९७५ साली तळ्याकाठच्या साध्या दुकानवस्तीच्या रूपात सुरू झालेल्या या जागेला अनेक नावे मिळत गेली आणि २०१५ पासून ती आजच्या नावाने ओळखली जाते. सोयीच्या बाबतीत दुसरा कोणताही पर्याय हिच्या जवळ येत नाही: आरक्षण लागत नाही, स्वच्छतागृहे आणि बाके जागोजागी आहेत, पाऊस आला तर शिरायला शंभर दुकाने आहेत. लेगोच्या दुकानाबाहेर ठोकळ्यांपासून उभारलेल्या प्रचंड मूर्ती आहेत आणि तळ्याच्या पाण्यातून डोके वर काढणारा ठोकळ्यांचाच जलसर्प आहे. मुले तिथे अर्धा तास सहज रमतात. संध्याकाळी उघड्यावर गाणे-बजावणे चालते. तरीही ही शेवटी बाजारपेठ आहे. पाच वर्षांच्या मुलाला खेळण्यांच्या चार दुकानांसमोरून रिकाम्या हाताने परत आणणे ही ज्याची त्याची परीक्षा आहे, आणि पार्किंगचे वाचलेले ३० डॉलर एका बाहुलीत जातात. लहान आगगाडी, फिरते घोडे आणि उंच जाणारा फुगा यांना वेगळे पैसे पडतात, हे मुलांना आधीच सांगून ठेवलेले बरे.

दुसरा पर्याय मोनोरेलच्या फेरीचा आहे, आणि ज्येष्ठांसोबत असाल तर माझा कौल याच पर्यायाला आहे. हॉटेलांना जोडणारी मोनोरेल पॉलिनेशियन, ग्रँड फ्लोरिडियन आणि कंटेम्पररी या तीन हॉटेलांवर, तसेच मॅजिक किंगडम या उद्यानाच्या दारापाशी आणि वाहतूक केंद्रावर थांबते. तिला तिकीट नाही. फलाटावर जाण्यापूर्वी सामानाची तपासणी होते, एवढेच. कंटेम्पररी हॉटेलच्या बाबतीत गाडी इमारतीच्या आतूनच जाते, आणि खाली उतरल्यावर मधल्या भव्य दालनात डिस्नेच्या चित्रकार मेरी ब्लेअर यांनी केलेले सुमारे ९० फूट उंचीचे टाइलचे भित्तिचित्र दिसते. त्यात कुठेतरी एक पाच पायांची शेळी आहे. ती शोधण्याचे काम नातवंडांवर सोपवून आजोबांना खुर्चीत निवांत बसता येते.

ग्रँड फ्लोरिडियनची लॉबी जुन्या श्रीमंती थाटाची आहे आणि तिथून पॉलिनेशियनपर्यंत तळ्याकाठाने पायवाट आहे. पॉलिनेशियनच्या वाळूच्या किनाऱ्यावरून पाण्यापलीकडे मॅजिक किंगडममधला सिंड्रेलाचा किल्ला समोर दिसतो. रात्री किल्ल्यावर होणारी आतषबाजी याच वाळूतून पाहता येते आणि तिचे संगीतही किनाऱ्यावर ऐकू येते. किल्ल्याच्या भिंतींवर पडणारी चित्रे मात्र इतक्या अंतरावरून कळत नाहीत, त्यामुळे हा अनुभव आतल्या अनुभवाची बरोबरी करतो असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. एक गोष्ट मात्र अशी आहे की जी आतल्या तिकीटधारकांपेक्षा किनाऱ्यावरच्यांनाच चांगली दिसते. १९७१ पासून चालत आलेली ही दिव्यांची जलयात्रा आहे: दोन ओळींत ओढले जाणारे १४ तराफे, प्रत्येकावर सुमारे २५ फूट उंचीचा दिव्यांचा पडदा, आणि त्यावर देवमासे, कासवे, सागरी राक्षस. तंत्र जुनेच आहे, संगीतही तसेच; पण काळोख्या पाण्यावरून ते सरकत येते तेव्हा गावच्या जत्रेतल्या रोषणाईची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. वारा किंवा पाऊस असेल तर ही यात्रा रद्द होते. आणखी एक गोष्ट: पाण्यात उतरण्यास येथे मनाई आहे, आणि हॉटेलांचे जलतरण तलाव फक्त तिथे राहणाऱ्यांसाठी असतात, त्यामुळे मुलांचे पोहण्याचे कपडे सोबत घेऊ नयेत.

तिसरा पर्याय ॲनिमल किंगडम लॉज. २००१ साली उघडलेल्या या हॉटेलाभोवती गवताळ मोकळी राने राखलेली आहेत आणि त्यांत जिराफ, झेब्रे, लांब शिंगांची अँकोले गुरे आणि हरणांच्या अनेक जाती मिळून दोनशेहून अधिक प्राणी फिरतात. लॉबीच्या मागच्या दाराने बाहेर पडून खडकाच्या सज्जावर उभे राहिले की हे सारे काही पावलांवर दिसते, आणि त्यासाठी एक पैसाही मोजावा लागत नाही. आत आफ्रिकी कलावस्तूंचा मोठा संग्रह आहे. नायजेरियातील इग्बो समाजाचा उंच, मण्यांनी आणि कापडाने मढवलेला इजेले मुखवटा लॉबीतच उभा आहे. येथे जावे ते सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, कारण भर दुपारी प्राणी सावली धरून बसतात आणि मुले पाच मिनिटांत कंटाळतात.

या पर्यायाची उणीव अंतराची आहे. हॉटेल आवाराच्या एका टोकाला आहे, तिथे ना मोनोरेल पोहोचते ना रोपवे, आणि एका हॉटेलाहून दुसऱ्या हॉटेलाकडे थेट बस नसल्यामुळे कुठल्यातरी उद्यानापाशी गाडी बदलावी लागते. म्हणून जेवणाचे आरक्षण करून गाडीने जाणेच येथे शहाणपणाचे. याच हॉटेलच्या दुसऱ्या भागात सना नावाचे उपाहारगृह आहे, ज्याच्या खिडक्या रानाकडे उघडतात आणि जिथे नान, कुलचा, पराठा अशा पाच प्रकारच्या रोट्यांसोबत नऊ चटण्या-लोणच्यांचे ताट मिळते. ते फुकट नाही, परंतु आठवडाभर बर्गर आणि फ्रेंच फ्राइज पाहून वैतागलेल्या शाकाहारी आजीसमोर ते ताट आले की या खर्चाविषयी कोणी बोलत नाही. हे एक ताट दोघांत सहज पुरते.

चौथा पर्याय स्कायलायनर आणि बोर्डवॉक यांची जोडी. स्कायलायनर म्हणजे रोपवे. रोपवेने रायगडावर गेलेल्यांना यात काय असते ते समजावण्याची गरज नाही, फक्त येथे डोंगर नाही आणि पाळणे तळ्यांवरून, झाडांवरून आडवे जातात. २९ सप्टेंबर २०१९ रोजी सुरू झालेली ही सेवा सर्वांना विनामूल्य आहे आणि एका पाळण्यात दहा माणसे बसतात. पॉप सेंच्युरी आणि आर्ट ऑफ ॲनिमेशन या दोन स्वस्तातल्या हॉटेलांचे स्थानक सामाईक आहे. तिथल्या अंगणात अनेक मजली उंचीचे यो-यो, बोलिंगच्या बाटल्या आणि कार्टूनमधली पात्रे उभी आहेत, त्यामुळे छायाचित्रांची हौस तिथेच भागते. पुढे कॅरिबियन बीच या हॉटेलापाशी पाळणा बदलून एपकॉट उद्यानाच्या मागच्या दाराबाहेर उतरता येते. आत न शिरता वळले की काही मिनिटांच्या चालीवर बोर्डवॉक लागतो. १९९६ साली उभारलेली ही लाकडी फळ्यांची तळ्याकाठची वाट अटलांटिक किनाऱ्यावरच्या जुन्या गावांच्या धर्तीवर आहे, आणि संध्याकाळी तिथे फेरफटका मारणे हा मुंबईकराला मरीन ड्राइव्हची सय देणारा कार्यक्रम आहे, फक्त समुद्राच्या जागी छोटे तळे. पाळण्यांत वातानुकूलन नाही. पाळणा चालू असेपर्यंत वारा लागतो, मध्येच थांबला तर उकडते. उंचीची भीती असणाऱ्यांनी हा पर्याय सोडून द्यावा.

फोर्ट वाइल्डरनेस या तंबूंच्या तळाविषयी थोडक्यात सांगितले तरी पुरे. तिथे घोड्यांचा तबेला विनामूल्य पाहता येतो, संध्याकाळी शेकोटीभोवती गाणी होतात. ज्यांनी लहानपणी शेकोटी पाहिली आहे त्यांना त्यात नवल वाटणार नाही, आणि तिथवर जाण्यात जाणारा वेळ पाहता एकाच दिवसाच्या पाहुण्यांनी त्या वाटेला जाऊ नये. वाइल्डरनेस लॉज या हॉटेलाचे मात्र तसे नाही. कंटेम्पररीच्या धक्क्यावरून तिथे बोट जाते, त्यामुळे मोनोरेलच्या दिवसात तासाभराची भर घालून त्याची ओंडक्यांची प्रचंड लॉबी आणि ठरावीक वेळाने उसळणारे, गरम पाण्याच्या नैसर्गिक फवाऱ्यांची नक्कल करणारे कृत्रिम फवारे पाहून घेता येतात.

शहराच्या दुसऱ्या टोकाला युनिव्हर्सल या दुसऱ्या उद्यानसमूहाची सिटीवॉक ही बाजारपेठ आहे आणि तिथेही आत शिरायला तिकीट लागत नाही. परंतु दिवसा तिथे पार्किंगचे पैसे पडतात, संध्याकाळी सहानंतर सामान्य पार्किंग एरवी विनामूल्य होते, आणि जागेचा एकूण सूर तरुणांच्या रात्रीच्या भटकंतीचा आहे. आई-बाबांना घेऊन मी तिथे जाणार नाही. कॉलेजातल्या भाचरांना पाठवीन.

निवड करताना पहिला विचार गुडघ्यांचा करावा. चालणे जमत नसेल तर मोनोरेल. तीही दुपारी चारच्या सुमारास सुरू करावी, म्हणजे तिन्ही हॉटेले उजेडात पाहून आतषबाजीच्या वेळी पॉलिनेशियनच्या किनाऱ्यावर पोहोचता येते. चार ते आठ वर्षांची मुले सोबत असतील तर सकाळी ॲनिमल किंगडम लॉज आणि दुपारची झोप झाल्यावर डिस्ने स्प्रिंग्ज. फक्त नवरा-बायको असाल तर रोपवे आणि बोर्डवॉक. विमान पकडण्यापूर्वीचे तीन-चार तास काढायचे असतील आणि गाडीत सामान असेल, तर डिस्ने स्प्रिंग्जवाचून दुसरा विचार करू नये.

जून ते सप्टेंबर या काळात जाणार असाल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. त्या महिन्यांत जवळजवळ रोज दुपारी वळवासारखा गडगडाटी पाऊस येतो. विजा चमकू लागल्या की रोपवे आणि बोटी दोन्ही थांबतात, आणि बोर्डवॉकवर अडकलेल्यांना टॅक्सीच करावी लागते. मोनोरेलच्या वाटेवर तसे झाले तर निदान छत असलेल्या तीन लॉब्या हाताशी असतात, आणि तिथल्या झटपट खाण्याच्या काउंटरवर मागितल्यास बर्फ घातलेले पाणी पेल्यातून फुकट मिळते.