कॅथलिक शाळेतलं वर्षभराचं स्टाफ-प्रशिक्षण : गणित शिकवणाऱ्या एका बाईंचा अभिप्राय

आमच्या शाळेने यंदा शिक्षकांसाठी वर्षभराचा एक कार्यक्रम घेतला. सुरुवातीला निवासी शिबिर आणि मग प्रत्येक सत्रात शाळेतच अर्धा दिवस. चालवणारी मंडळी तीन : एक फादर, एक निवृत्त मुख्याध्यापिका आणि एक समुपदेशक. माहितीपत्रकावर ‘व्यावसायिक आणि आध्यात्मिक विकास’ असं लिहिलेलं होतं. मी माध्यमिक वर्गांना गणित शिकवते आणि मी ख्रिस्ती नाही. हे आधीच सांगते, कारण कॅथलिक शाळांमध्ये माझ्यासारखे शिक्षक खूप आहेत आणि अशा कार्यक्रमाची सूचना फळ्यावर लागली की आमच्या मनात पहिल्यांदा हेच येतं, यात आपण काय करायचं?

माझं मत असं की हा कार्यक्रम घ्यावा. त्यातले काही भाग कच्चे आहेत, एक गोष्ट तर मला गंभीर वाटली, पण गाभा पक्का आहे. प्रार्थना एकीकडे आणि अध्यापनाचं तंत्र दुसरीकडे, अशी विभागणी या मंडळींनी फार कमी वेळा केली. जिथे केली नाही, तिथे हा कार्यक्रम मी आजवर केलेल्या कुठल्याही सेवांतर्गत प्रशिक्षणापेक्षा सरस ठरला.

सगळ्यात मोलाचं म्हणजे ‘एक्झामेन’, दिवस संपताना करायचं आत्मपरीक्षण. संत इग्नेशियस लोयोला यांच्या आध्यात्मिक साधनेतला हा भाग. त्या साधनेच्या पुस्तिकेला पोप तिसरे पॉल यांनी १५४८ मध्ये मान्यता दिली. त्याच्या पायऱ्या पाच. आधी मिळालेल्याबद्दल आभार, मग नीट दिसावं म्हणून प्रकाशाची याचना, मग दिवस तासातासाने आठवणं, चुकलं असेल त्याची क्षमा आणि शेवटी उद्यासाठी एक निश्चय. फादरांनी हे शिक्षकांसाठी बेतून दिलं होतं. अख्खा दिवस न घेता एकच तासिका घ्यायची. वर्गात शिरल्यापासून घंटा होईपर्यंत काय काय झालं, कुठल्या क्षणी मन उघडं होतं, कुठल्या क्षणी ते मिटलं, आणि त्या क्षणी समोर कोण मूल होतं?

त्याआधी त्यांनी एक साधं काम दिलं. आपल्या वर्गातल्या सगळ्या मुलांची नावं हजेरीपट न बघता लिहायची. पहिली नावं भराभर उतरतात. हुशार मुलं, दंगेखोर मुलं, ज्यांचे पालक वारंवार भेटतात ती मुलं. मग पेन थांबतं. बहुतेकांचं पेन मधल्या बाकांवर थांबलं. फादर म्हणाले, जिथे थांबलात तिथून आजची प्रार्थना सुरू करा. त्यावर त्यांनी काहीही भाष्य केलं नाही आणि आम्हाला बराच वेळ शांत बसू दिलं. देवावर श्रद्धा असो, दुसऱ्या देवावर असो किंवा नसो, या कामातून कुणालाच सूट मिळत नाही. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, उत्तर लिहिते आणि मी बाकाजवळ पोचायच्या आत खोडून टाकते. शिबिरानंतर मी रोज एका मुलाचं नाव वहीच्या समासात लिहायला लागले. त्या मुलीचं नाव आलं त्या दिवशी मी तिच्याकडे फक्त खोडलेलं उत्तर मागितलं. ते बरोबर होतं.

व्यावसायिक भागात जे चांगलं होतं तेही याच परंपरेतून आलं होतं. इग्नेशियस यांनीच स्थापन केलेल्या येशूसंघाने (जेझुइट) १९९३ मध्ये इग्नेशियन अध्यापनपद्धतीचा एक आराखडा मांडला : संदर्भ, अनुभव, चिंतन, कृती, मूल्यमापन. माहिती म्हणून हे पाच शब्द एखाद्या फलकावर लावता आले असते. निवृत्त मुख्याध्यापिकांनी मात्र प्रत्येकाला स्वतःचा एक पाठ काढायला लावला. मी चक्रवाढ व्याज काढलं. सूत्र, उदाहरणं, सराव हे सगळं माझ्याकडे होतंच. त्यांनी विचारलं, चिंतन कुठे आहे? मुलं हे व्याज काढतात तेव्हा ते कोण भरतंय, याचा विचार करतात का? मग आम्ही दोघींनी बसून तोच पाठ पुन्हा बांधला. मुद्दल तेच, दर तोच. एका मुलाने कर्ज देणाऱ्याच्या बाजूने तक्ता भरायचा, दुसऱ्याने घेणाऱ्याच्या. शेवटी दोघांनी आपापलं वाक्य लिहायचं. वर्गात हा पाठ घेतला तेव्हा गणिताच्या तासाला एरवी कधी न ऐकलेली चर्चा ऐकली, आणि सूत्रही पक्कं झालं. ‘मूल्यशिक्षण’ नावाची वेगळी तासिका न लावता मूल्यं विषयात कशी येतात, हे मला इथे पहिल्यांदा हाताने करून बघता आलं.

शिस्तीवरचं सत्र, गरीब मुलांसाठी काम केलेले इटालियन फादर डॉन बॉस्को यांच्या प्रतिबंधक पद्धतीवर होतं. तिचे आधार तीन : विवेक, धर्म आणि स्नेह. मूल चुकल्यावर शिक्षा करण्यापेक्षा चूक होण्याआधी त्याच्या सोबत असणं, हा तिचा रोख. उशिरा येणाऱ्या मुलांवर चांगली चर्चा झाली. शाळा काढणारे फ्रेंच धर्मगुरू ला साल यांच्यावरचं सत्र मात्र चरित्रकथनातच संपलं. १६५१ साली जन्मलेल्या आणि १९५० मध्ये शिक्षकांचे आश्रयदाते संत घोषित झालेल्या माणसाकडून शिक्षकांना याहून पुष्कळ घेता आलं असतं.

बालसुरक्षेच्या सत्राबद्दल आवर्जून लिहायला हवं. ते समुपदेशकांनी घेतलं आणि फादर पूर्ण वेळ खोलीत बसले होते. चर्चच्या संस्थांमध्ये मुलांवर अत्याचार झाले आणि ते दडपले गेले, हे वाक्य फादरांनीच, काहीही आडपडदा न ठेवता, सुरुवातीला उच्चारलं. मग २०१४ मध्ये नेमलेला अल्पवयीनांच्या संरक्षणाचा पोपचा आयोग, २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तक्रारींसाठी घालून दिलेले नियम, आणि तिथून थेट आमच्या शाळेच्या दारांपर्यंत. एकट्या मुलाशी बोलताना दार उघडं असावं की काचेचं, संदेश कोणत्या क्रमांकावरून जावेत, मुलाने काही सांगितलं तर पहिल्या तासाभरात कुणाला कळवायचं. मुलाला ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही, हा नियम काही शिक्षकांना जड गेला. समुपदेशकांनी तो पुन्हा पुन्हा, वेगवेगळे प्रसंग घेऊन समजावला. आध्यात्मिक विकासाच्या कार्यक्रमात हे सत्र नसेल तर मी तो कार्यक्रम कुणालाही सुचवणार नाही.

आता इतर धर्मीयांचा प्रश्न. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, १९६५ मध्ये ख्रिस्ती शिक्षणावरचं घोषणापत्र दिलं आणि त्याच वर्षी धर्मस्वातंत्र्यावरचंही. श्रद्धेच्या बाबतीत कुणावर बळजबरी नको, हे त्यात स्पष्ट आहे. फादरांनी हे पहिल्याच बैठकीत सांगितलं आणि पाळलंही. मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य सामूहिक उपासना, ऐच्छिक होता. ज्यांना यायचं नव्हतं त्यांच्यासाठी एक शांत खोली होती आणि तिथे कोण बसलंय याची कुणी नोंद केली नाही. मी मिस्साला मागच्या बाकावर बसले, कारण माझे सहकारी ज्या गोष्टीतून बळ घेतात ती मला जवळून पाहायची होती. बायबलवरची सत्रंही सगळ्यांना सामावणारी होती. एम्माउस गावाच्या वाटेवरची लूकच्या शुभवर्तमानातली गोष्ट घेतली होती. पुनरुत्थित येशू त्या दोघा शिष्यांना गाठतो आणि आधी विचारतो, तुम्ही कशाबद्दल बोलताय? ते सगळं सांगून होईपर्यंत तो ऐकतो, शिकवतो त्यानंतर. शिकवणाऱ्या माणसाला यातलं वेगळं काही समजावून द्यावं लागत नाही.

जी गोष्ट मला गंभीर वाटली ती अनुभवकथनाच्या गटांची. पहिल्या शिबिरात मुख्याध्यापिका, पर्यवेक्षक आणि अजून कायम न झालेले शिक्षक एकाच वर्तुळात बसवले होते, आणि विषय होता ‘माझ्या श्रद्धेतली कोरडी वेळ’. ज्यांची नोकरी समोरच्या माणसाच्या शेऱ्यावर अवलंबून आहे त्यांनी अशा ठिकाणी मन उघडावं, ही अपेक्षाच चुकीची आहे. खुद्द चर्चच्या कायद्यात याचं भान आहे : धर्मसंघाच्या वरिष्ठाने सदस्याला कोणत्याही प्रकारे आपलं अंतःकरण उघड करायला लावू नये, असा नियम आहे. संन्यस्तांना जे संरक्षण आहे ते पगारी शिक्षकांनाही मिळायलाच हवं. आमच्यातल्या काही जणांनी अभिप्रायात हे लिहिलं. पुढच्या सत्रापासून गट बदलले, आणि पापनिवेदनासाठी शाळेच्या व्यवस्थापनाशी संबंध नसलेले फादर बोलावले. बदल झाला याचं समाधान आहे. पण असल्या गोष्टी रचनेतच असाव्यात, तक्रारीची वाट पाहू नये.

मूल्यमापनाच्या नव्या पद्धतींवरचं सत्र निव्वळ स्लाइडचं होतं. ते कुठल्याही प्रशिक्षणात चाललं असतं, आणि बहुतेक चालतही असावं.

दुसरी उणीव मोठी आहे. कार्यालयातले लोक, ग्रंथपाल, शिपाई मामा, सफाईच्या मावशी यांना निवासी शिबिराला बोलावलंच नव्हतं. शाळेत नवीन आलेलं मूल रडत येतं तेव्हा ते पहिल्यांदा फाटकावरच्या मामांना भेटतं. फी थकलेल्या पालकांशी काय स्वरात बोलायचं, हे कार्यालयात ठरतं. व्हॅटिकनच्या कॅथलिक शिक्षण विभागाने १९८२ मध्ये शाळांमधल्या प्रापंचिक, म्हणजे धर्मगुरू किंवा संन्यस्त नसलेल्या, कॅथलिकांवर जे मार्गदर्शन दिलं, त्यात शिक्षकांच्या बरोबरीने प्रशासकीय आणि तांत्रिक काम करणाऱ्यांनाही धरलं आहे. मग शिबिराच्या यादीतून ते का गळावेत? शेवटच्या सत्रात त्यांना घेतलं, आणि त्या दिवशी मामांनी मुलांबद्दल सांगितलेल्या गोष्टी आमच्यापैकी अनेक वर्गशिक्षकांना ठाऊक नव्हत्या.

तुमच्या शाळेत असा कार्यक्रम घ्यायचं चाललं असेल तर आधी काही गोष्टी विचारून घ्या. सत्रं कामाच्या वेळेत आहेत की सुट्टीच्या दिवशी? इतर धर्मीयांसाठी व्यवस्था लेखी आहे का? बालसुरक्षेचं सत्र कोण घेणार आणि त्याची पात्रता काय? शिबिरानंतर शाळेत कोण येणार? मार्कच्या शुभवर्तमानात शिष्य काम करून परत येतात, जेवायलाही सवड नसते, आणि येशू त्यांना एकांतात जाऊन थोडा विसावा घ्यायला सांगतो. कर्मचाऱ्यांचा रविवार घेऊन त्यांना विसाव्यावर व्याख्यान देणारे कार्यक्रमही असतात, ते टाळा.

आमच्याकडे पुढच्या वर्षी पुन्हा हीच मंडळी येणार आहेत. शिपाई, सफाई आणि कार्यालयातले कर्मचारी पहिल्या दिवसापासून असावेत, असं पत्र आम्ही काही शिक्षकांनी सह्या करून मुख्याध्यापिकांना दिलं आहे, आणि त्यांनी ते मान्य केलं आहे.