जोड्या जुळवायचा मिनी-गेम: चाली मोजायच्या, घड्याळ लावायचं की लाइफ द्यायच्या?

जोड्या जुळवायचा मिनी-गेम कुठल्याही मोबाइल गेममध्ये बघा, वरून सारखाच दिसतो. पालथे पत्ते मांडलेले, एका चालीत दोन उघडायचे, चित्रं जुळली तर जोडी उचलायची, नाहीतर दोन्ही पत्ते पुन्हा पालथे. खरा फरक पडतो तो डाव कशामुळे संपतो यावर. चाली संपून हरणं, वेळ संपून हरणं आणि लाइफ (म्हणजे माफ असलेल्या मोजक्या चुका) संपून हरणं हे तीन वेगळे खेळ आहेत. आपल्या गेममध्ये यातला कोणता घ्यावा हे ठरवायचं असेल, किंवा शाळेसाठी छोटं ॲप करून घ्यायचं असेल, तर चित्रं आणि रंग निवडण्याआधी हा प्रश्न सोडवा.

आधी हिशेब

जो एकदा उघडलेला पत्ता कधीच विसरत नाही अशा खेळाडूलाही सगळ्या चाली यशस्वी करता येत नाहीत, कारण नवे पत्ते उघडून बघावेच लागतात. डॅनियल वेलमन आणि ग्रेगरी वॉरिंग्टन या गणितज्ञांनी २०१३ साली याचं उत्तर काढलं: अशा खेळाडूला सरासरी जोड्यांच्या सुमारे १.६१ पट चाली लागतात, त्यातून साधारण अर्धी चाल वजा. नशीब कितीही फिरलं, तरी नीट खेळल्यास त्याला जोड्यांच्या दुपटीतून एक वजा, यापेक्षा जास्त चाली लागत नाहीत. उलट काहीच लक्षात न ठेवता नुसतं ठोकत गेलं, तर सरासरी जोड्यांच्या वर्गाइतक्या चाली लागतात.

| मांडणी | जोड्या | पक्की स्मरणशक्ती, सरासरी | पक्की स्मरणशक्ती, जास्तीत जास्त | नुसता अंदाज, सरासरी |
|---|---|---|---|---|
| ३×४ | ६ | ९.२ | ११ | ३६ |
| ४×४ | ८ | १२.४ | १५ | ६४ |
| ४×५ | १० | १५.६ | १९ | १०० |
| ४×६ | १२ | १८.९ | २३ | १४४ |
| ५×६ | १५ | २३.७ | २९ | २२५ |

पुढचे सगळे निर्णय या तक्त्यावर तपासून घेता येतात. सुरुवातीला तीन-चार सेकंद सगळे पत्ते उताणे दाखवणार असाल, तर मात्र हा तक्ता लागू होत नाही. तेव्हा पक्क्या स्मरणशक्तीला जेवढ्या जोड्या तेवढ्याच चाली पुरतात.

चालींची मर्यादा

बहुतेक गेमसाठी हीच पद्धत बरी. खेळणारा थांबून विचार करू शकतो, मध्ये फोन आला तरी नुकसान होत नाही, आणि लहान मूल व आजोबा एकाच नियमाने खेळू शकतात.

पण आकडा अंदाजाने ठेवू नका. ४×४ ला १२ चाली दिल्या तर सगळं आठवणारा खेळाडूही बऱ्याचदा हरेल, कारण त्याचीच सरासरी १२.४ आहे. तिथे हार-जीत नशिबावर गेली, आणि खेळणाऱ्याला वाटतं की आपलं लक्ष कमी पडलं. यावर एक सोपा नियम आहे: तीन ताऱ्यांची, म्हणजे सर्वांत चांगल्या निकालाची मर्यादा जोड्यांच्या दुपटीतून एक वजा, म्हणजे ४×४ ला १५. ज्याने नीट लक्षात ठेवलं त्याला तीन तारे हमखास मिळतात, नशीब आड येत नाही. डाव हरवायची मर्यादा जोड्यांच्या तिपटीवर ठेवा, म्हणजे २४. नुसत्या अंदाजाने खेळणाऱ्याला सरासरी ६४ चाली लागतात, त्यामुळे २४ वर तो सहसा अडकतोच. साधारण लक्ष देणारा मात्र आरामात सुटतो.

चाल केव्हा मोजायची हेही ठरवून ठेवा. दुसरा पत्ता उघडल्यावरच मोजा. पहिल्याच टॅपला आकडा कमी होताना दिसला की एका चालीत दोन चाली गेल्या असं लोकांना वाटतं.

घड्याळ

घड्याळ लावलं की डाव चटकदार होतो यात वाद नाही. पण घड्याळ स्मरणशक्तीपेक्षा बोटं आणि फोन जास्त मोजतं. ४×५ चा हिशेब घ्या. पत्ता उलटायला पाव सेकंद, न जुळलेली जोडी दिसत राहायला ०.८ सेकंद, परत पालथी व्हायला पाव सेकंद. म्हणजे प्रत्येक चुकलेल्या चालीत १.५५ सेकंद गेमच खातो. जुळलेली जोडी उचलली जायला ०.३ सेकंद धरले, तर जुळलेल्या चालीत ०.८. पक्क्या स्मरणशक्तीच्या खेळाडूच्या साधारण ५.६ चाली चुकतात आणि १० जुळतात, तर साधारण १७ सेकंद निव्वळ ॲनिमेशनमध्ये जातात. वर ३१ टॅप, प्रत्येकी एक सेकंद धरला तर ४८ सेकंद झाले. ६० सेकंदांच्या घड्याळात विसरण्यासाठी उरले फक्त १२. अशा डावाला ९० सेकंद ठेवणं योग्य.

वेळेच्या डावात आणखी एक सवलत द्यायलाच हवी. न जुळलेले दोन पत्ते उघडे असताना खेळणाऱ्याने तिसऱ्यावर टॅप केला, तर आधीचे दोन लगेच पालथे होऊन तिसरा उघडला पाहिजे. ज्याने चित्रं बघून घेतली त्याला ०.८ सेकंद थोपवून धरण्यात काही अर्थ नाही. चालींच्या डावात ही घाई नसते. तिथे तिसरा टॅप सरळ दुर्लक्षित करा.

घड्याळ पहिल्या टॅपपासून चालू करा, पडदा उघडल्यापासून नको. ॲप मागे गेलं की घड्याळ थांबवा, आणि त्याच क्षणी उघडे पत्ते झाका. नाहीतर डाव थांबवून निवांत पाठांतर करता येतं, आणि गुणांची यादी असेल तर ती निरर्थक होते.

लाइफ, म्हणजे मोजक्या चुका

यात सर्वांत जास्त गोंधळ होतो, आणि नीट केलं तर सर्वांत चांगला डावही यातूनच मिळतो.

‘न जुळलेली प्रत्येक चाल म्हणजे चूक’ हा सरळ नियम अन्यायाचा आहे. १९८८ साली जपानमध्ये आलेल्या सुपर मारिओ ब्रदर्स ३ या निन्टेन्डोच्या गेममध्ये दर ८०,००० गुणांनंतर १८ पत्त्यांचा असा डाव यायचा. दोन चुका झाल्या की बाहेर. इतक्या कमी चुकांत १८ पत्ते नुसत्या स्मरणशक्तीने उचलणं जवळपास अशक्य. तरी तो डाव चालला, कारण उचललेल्या जोड्या पुढच्या वेळेपर्यंत तशाच राहायच्या, आणि पत्त्यांच्या मांडण्या फक्त आठच होत्या. त्या पाठ केल्या की दोन-चार पत्त्यांवरून मांडणी ओळखता यायची. म्हणजे तिथला खेळ मांडणी ओळखण्याचा होता. दोन चुकांचा नियम उचलायचा आणि पत्ते मात्र दरवेळी नव्याने पिसायचे, हे करू नका. ४×४ मधल्या आठ जोड्यांच्या जागा एकमेकांशी २०,२७,०२५ प्रकारे जुळू शकतात. त्या कोणी पाठ करू शकत नाही.

उपाय असा: खेळणाऱ्याला माहीत असू शकत होतं तिथेच चूक धरायची. प्रत्येक पत्त्याला ‘पाहिलेला’ अशी खूण ठेवा. चाल जुळली नाही आणि पुढच्या दोनपैकी एक गोष्ट खरी असेल, तरच लाइफ कमी करा. एक, पहिल्या पत्त्याचा जोडीदार आधी उघडलेला होता. दोन, दुसरा उघडलेला पत्ता स्वतःच आधी पाहिलेला होता.

४×४ च्या डावात हे असं दिसतं. पहिली चाल: वरच्या ओळीतला दुसरा पत्ता मोर, तिसऱ्या ओळीतला पहिला छत्री. दोन्ही नवे, लाइफ शाबूत. दुसरी चाल: दुसऱ्या ओळीतला शेवटचा कंदील, आणि चौथ्या ओळीतला तिसरा पुन्हा मोर. मोर आधी पाहिलेला आहे, पण या पत्त्याखाली तो निघेल हे उघडण्याआधी कळायला मार्ग नव्हता. लाइफ शाबूत. तिसऱ्या चालीत दोन मोर जुळले. चौथ्या चालीत एका नव्या पत्त्याखाली छत्री निघाली. तिची जोडीदार तिसऱ्या ओळीत पहिली, हे पहिल्याच चालीत दिसलं होतं. खेळणाऱ्याने शेजारच्या दुसऱ्या पत्त्यावर टॅप केला. ही चूक, एक लाइफ गेली.

या नियमाने पक्क्या स्मरणशक्तीच्या खेळाडूची एकही लाइफ जात नाही, म्हणून तीन लाइफना खरा अर्थ येतो. चूक झाल्यावर त्या क्षणी चुकलेला जोडीदार हलकेच चमकवा. लाइफ का गेली हे न सांगता समजतं.

दोघांचा डाव

एकाच फोनवर आळीपाळीने खेळायचं असेल तर जोड्या विषम ठेवा: ३×६ म्हणजे ९, किंवा ५×६ म्हणजे १५. ४×४ मध्ये चार-चार अशी बरोबरी होते आणि डाव फुसका संपतो. समोरासमोर बसलेल्याला चित्र उलटं दिसतं, तेव्हा ६ आणि ९ सारखी चिन्हं नकोत. जोडी लागली की त्याच खेळाडूला पुन्हा चाल, हा घराघरांतला नियम ठेवा.

फोनशीच स्पर्धा ठेवायची असेल, तर एक गोष्ट लक्षात घ्या. नवा पत्ता उघडला आणि त्याचा जोडीदार माहीत नसेल, तर दुसराही नवा पत्ता उघडणं म्हणजे समोरच्याला फुकट माहिती देणं. उरी झ्विक आणि मायकेल पॅटरसन या संगणकशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये दाखवलं की काही स्थितींत दुसरा पत्ता मुद्दाम आधी पाहिलेलाच उघडणं फायद्याचं ठरतं. फोनने असं खेळलं तर जाणत्याला ते चतुर वाटेल, पण मुलांना ‘हा मुद्दाम चुकतोय’ असं वाटतं. मुलांच्या गेममध्ये फोनला हे शिकवू नका. त्याऐवजी त्याला ठरावीक प्रमाणात विसरायला लावा.

कुठलीही पद्धत घ्या, हे मात्र सांभाळा

पत्ते पिसण्यासाठी फिशर-येट्सची रीत वापरा: शेवटच्या पत्त्यापासून सुरू करा, त्याच्यासह उरलेल्यांतून एक निवडून अदलाबदल करा, मग एक जागा मागे या. दरवेळी सगळ्याच पत्त्यांतून निवड केली तर ती रीत सारखीच वाटते, पण पक्षपाती आहे. तीन पत्त्यांवर तपासा: २७ शक्यता होतात, क्रम फक्त ६, आणि २७ ला ६ ने भाग जात नाही. काही क्रम जास्त येणारच. नीट पिसूनही ४×४ मध्ये सरासरी १.६ जोड्या शेजारी-शेजारी पडतात. ‘पिसणं बिघडलंय’ अशी तक्रार आली म्हणून त्या मुद्दाम लांब करू नका. तसं केलं तर शेजारचा पत्ता कधीच जोडीदार नसतो हे चाणाक्ष खेळाडू दोन दिवसांत ओळखतो.

एकाच पत्त्यावर भरभर दोनदा टॅप केला आणि तो स्वतःशीच जुळला, ही नेहमीची चूक. चित्राचा क्रमांक आणि पत्त्याचा क्रमांक वेगळे ठेवा. चित्र सारखं आणि पत्ता वेगळा असेल तरच जोडी. दुसरी चूक उशिरा सापडते: अँड्रॉइडमध्ये कोणी ॲनिमेशन बंद केलेली असतील, आणि पत्ता दिसत राहण्याचे ०.८ सेकंद तुम्ही ॲनिमेशनमध्येच गुंफले असतील, तर दुसरा पत्ता उघडताक्षणी पालथा होतो. काही दिसतच नाही. ती वेळ वेगळ्या टायमरवर ठेवा.

पत्त्यांच्या आकाराला फोन मर्यादा घालतो. ३६० डीपी (अँड्रॉइडमधलं स्क्रीनवरच्या लांबी-रुंदीचं एकक) रुंदीच्या उभ्या स्क्रीनवर दोन्ही कडांना १६ आणि पत्त्यांमध्ये ८ डीपी सोडले, तर चार उभ्या रांगांत पत्ता ७६ डीपी रुंद मिळतो, पाचांत ५९, सहांत नेमका ४८. अँड्रॉइडच्या शिफारशीत बोटासाठी ४८ हीच किमान मर्यादा आहे. म्हणजे उभ्या फोनवर आडवे सहापेक्षा जास्त पत्ते नकोत, आणि मुलांसाठी चारच बरे.

मराठी अक्षरांचे पत्ते करणार असाल तर घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, प आणि ष या जोड्या एकाच डावात टाकू नका. ५९ डीपीच्या पत्त्यावर ०.८ सेकंदात घ-ध मधली वरची गाठ दिसत नाही. मूल बरोबर आठवतं आणि तरी चुकतं. अक्षर ओळखायला शिकवणं हाच हेतू असेल तर ती जोडी जरूर ठेवा, पण मग घड्याळ काढा, पत्ता मोठा करा आणि पाहण्याची वेळ दीड सेकंदावर न्या. नुसत्या लाल-हिरव्या फरकावर चित्रं वेगळी करू नका. आकारही वेगळा हवा.

राहिला जाहिरातीचा प्रश्न. ‘जाहिरात बघा, पाच चाली मिळवा’ हे बटण बहुतेकांना हवं असतं. ते चालींच्या डावात ठेवायचं असेल तर मर्यादा तक्त्यातल्या ‘जास्तीत जास्त’ रकान्याच्या वरच हवी. तिच्या खाली आणली, तर नीट खेळणाऱ्यालाही हरवून त्याला जाहिरात विकली जाते. लाइफच्या डावात हे बटण सरळ बसतं: खेळणारा खरोखर विसरलेला असतो, कुठे विसरला ते त्याला दिसलेलं असतं, आणि आणखी एक लाइफ घ्यायची की नाही हे तो समजून ठरवतो.