टोरांटोत प्रेस्टो आणि वन फेअर: आठ महिने वापरल्यावर

प्रेस्टो हे इथल्या बस-मेट्रोचं भाडं भरायचं कार्ड. त्याचा किंवा बँकेच्या कार्डाचा हिशेब उघडावा आणि एकाच प्रवासाचं भाडं दोनदा कापलेलं दिसावं, ही तक्रार सगळ्यांचीच. टॅपच्या वेळा नीट पाहिल्या तर कारण बहुतेक वेळा तेच निघतं: पहिला टॅप फोनने, दुसरा खिशातल्या कार्डाने. बँकेचं कार्ड तेच असलं तरी फोनमध्ये त्याचा क्रमांक वेगळा साठवला जातो आणि घड्याळात आणखी तिसरा. एकदा भाडं कापलं की दोन तास गाड्या बदलता येतात, तीच ट्रान्सफर. पण मशीनच्या लेखी हे तीन वेगळे प्रवासी, आणि प्रत्येकाचे दोन तास वेगळे सुरू होतात. ट्रान्सफर मिळत नाही ती यामुळे.

म्हणून एकच साधन ठरवा आणि दिवसभर तेच वापरा. टॅप करताना कार्ड पाकिटातून बाहेर काढा. आत दोन कार्डं असली की मशीन कुठलंही एक उचलतं. आयफोनवर एक्सप्रेस मोडला कुठलं कार्ड लावलंय ते आधी तपासा, कारण तिथे फोन न विचारताच पैसे देतो. आणखी एक, प्लास्टिकचं प्रेस्टो फोनच्या वॉलेटमध्ये घातलं की ते प्लास्टिक कायमचं बंद पडतं. फोनची बॅटरी संपली तर आधाराला म्हणून ते जपून ठेवण्यात अर्थ नाही.

२६ फेब्रुवारी २०२४ पासून वन फेअर ही एकाच भाड्याची योजना लागू झाली आणि शेजारच्या ब्रॅम्प्टन, मिसिसागा, यॉर्क, डरहॅमच्या बसमधून टीटीसीत, म्हणजे टोरांटोच्या बस-मेट्रो-ट्राममध्ये, जाताना दुसरं भाडं लागेनासं झालं. ही सोय खरोखर मोठी आहे. पण दोन तास मोजले जातात पहिल्या टॅपपासून, आणि शेवटचा टॅप त्यांच्या आत पडावा लागतो. त्यानंतर प्रवास कितीही चालला तरी हरकत नाही. ब्रॅम्प्टन डाउनटाउनहून ५०१ झुम या जलद बसने व्हॉन मेट्रोपॉलिटन सेंटर आणि तिथून लाइन १ मेट्रो, इथवर निश्चिंत राहा. पण किंग स्टेशनला उतरून ५०४ ट्राम पकडायची तर रस्त्यावर येऊन पुन्हा टॅप लागतो, आणि बर्फाच्या दिवशी झुम रखडली असेल तर तेवढ्यात वेळ उलटून जाते. मग टीटीसीचे ३.३० डॉलर नव्याने गेले. विल्सन, सेंट क्लेअर वेस्ट अशा स्टेशनांत बस आतल्या आवारातच लागते, तिथे दुसरा टॅप नाही. उशीर झाल्यावर पुढची गाडी अशा ठिकाणी बदलता येत असेल तर तोच रस्ता धरा. याउलट किपलिंगला मिवेचं, म्हणजे मिसिसागाच्या बसचं, टर्मिनल फाटकाबाहेर आहे, तिथे टॅप लागतोच.

टीटीसीवर १५ ऑगस्ट २०२३ पासून बँकेचं कार्ड चालतं. त्यामुळे प्रेस्टोची गरज संपली असं सुरुवातीला वाटत होतं. आता मत उलटं आहे. बँकेच्या कार्डावर कायम प्रौढाचं भाडं कापलं जातं. १३ ते १९ वर्षांची मुलं आणि ६५ आणि त्यापुढचे ज्येष्ठ यांची सवलत त्यावर मिळत नाही, प्रेस्टोवर मिळते, तीही शॉपर्स ड्रग मार्ट या औषधांच्या दुकानासारख्या ठिकाणी वयाचा पुरावा दाखवून कार्डावर बसवून घेतली तर. भारतातून आई-बाबा आले असतील तर दोघांना दोन वेगळी कार्डं घ्या. एक कार्ड म्हणजे एकच प्रवासी, त्याच कार्डाने दुसऱ्याचं भाडं भरता येत नाही. बारा वर्षांपर्यंतची मुलं टीटीसीत फुकट.

१५६ डॉलरचा मासिक पास प्रौढाला परवडतो तो महिन्यात ४८ वेळा भाडं कापलं जात असेल तरच. इथे चढण्या-उतरण्या मोजू नका, कापलेली भाडी मोजा. दोन तासांत तीन बस बदलल्या तरी भाडं एकच. आठवड्याचे पाच दिवस फक्त जाऊन-येऊन करणाऱ्याचा आकडा चव्वेचाळीसच्या आसपास थांबतो, त्याने पास घेऊ नये.

गो या उपनगरी रेल्वेचा नियम वेगळा. तिथे उतरतानाही टॅप करावा लागतो, विसरलात तर त्या मार्गाचं सर्वांत जास्त भाडं कापलं जातं. गोपासून सुरुवात केली तर ट्रान्सफरला तीन तास मिळतात. ५०१ च्या प्रवाशालाही तेवढेच मिळायला हवेत. हिवाळ्यात बस उशिरा येते त्यात त्याचा काय दोष?