पैसे घेऊन प्रिसेप्टर शोधून देणारी सर्व्हिस: घ्यावी का? (एफएनपी, विमेन्स हेल्थ रोटेशनचा अनुभव)

अमेरिकेत एनपी (नर्स प्रॅक्टिशनर) करणाऱ्या आपल्या मुलामुलींचे सारखे मेसेज येतात, ताई प्रिसेप्टर (क्लिनिकमध्ये हाताखाली घेऊन शिकवणारी व्यक्ती) मिळत नाहीये, त्या पैसे घेऊन मॅच करून देणाऱ्या सर्व्हिसेस कशा असतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, अशा कंपन्या बऱ्याच आहेत आणि तुम्ही कुठलीही घेतलीत तरी विचारायचे प्रश्न तेच राहणार.

माझा प्रोग्रॅम ऑनलाईन एफएनपीचा (फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर), आणि स्कूलने सरळ सांगितलं की साईट, म्हणजे शिकायला जायचं क्लिनिक, तुम्हीच शोधायची. एनपी प्रोग्रॅम्ससाठीच्या २०२२ च्या नॅशनल टास्क फोर्स स्टँडर्ड्सनी डायरेक्ट पेशंट केअरचे किमान तास ५०० वरून ७५० केले, एफएनपीला त्यात लहान मुलं, बायका, म्हातारी माणसं सगळं यायला हवं, आणि त्याच क्लिनिक्सच्या दारात एमडी, डीओ (दोन्ही डॉक्टरकीचे), पीएचे (फिजिशियन असिस्टंट) स्टुडंट्सही उभे असतात. फॅमिली प्रॅक्टिस ओळखीतून जमलं, पण पीड्स (लहान मुलं) आणि विमेन्स हेल्थला भल्याभल्यांचं अडतं. पीड्सही कसंबसं झालं, विमेन्स हेल्थसाठी मात्र शेवटी पैसे मोजले.

पद्धत अशी, की सर्व्हिसच्या वेबसाईटवर स्पेशालिटी, झिप कोड, तारखा टाकायच्या, मग प्रोफाईल्स दिसतात पण नाव नाही, नाव डिपॉझिट भरल्यावर. रेट तासावर, मला तासाला पंधरा डॉलरच्या आसपास पडला, म्हणजे एका रोटेशनला (एका विषयाच्या क्लिनिकल तासांना) दोन हजारांच्या वर सहज, आणि ही रक्कम स्कूलच्या बिलात नसते त्यामुळे खिशातूनच जाते.

आता चांगलं काय ते आधी. प्रिसेप्टर अप्रतिम मिळाली, खरंच. सर्टिफाईड नर्स मिडवाईफ, इतक्या वर्षांचा अनुभव पण शिकवायचा कंटाळा नाही. सुरुवातीला नुसतं बघायला लावलं, मग हिस्टरी मी घ्यायची, बाहेर येऊन दोन मिनिटांत केस प्रेझेंट करायची, आणि माझं डिफरेन्शियल (कुठकुठले आजार असू शकतात ते) ऐकल्याशिवाय ती स्वतःचं मत सांगायचीच नाही. पॅप स्मिअर, वेट माउंट (योनीस्रावाचा नमुना) मायक्रोस्कोपखाली बघणं, प्रीनेटल व्हिजिटला फंडल हाईट (गर्भाशयाची उंची) मोजणं, डॉपलरवर बाळाचे ठोके शोधणं, सगळं स्वतःच्या हाताने केलं. घाबरलेल्या पेशंटशी स्पेक्युलम हातात घ्यायच्या आधी कसं बोलायचं हे मी तिच्याकडे बघून शिकले, ते पुस्तकात वाचून येत नाही. कोऑर्डिनेटरनेही तिचा सीव्ही, लायसन्स, बोर्ड सर्टिफिकेशन वेळेत स्कूलला पाठवलं.

वाईट काय, तर "काही दिवसांत मॅच" म्हणतात तो मॅच म्हणजे फक्त नाव. त्यानंतर स्कूल आणि क्लिनिकमध्ये अ‍ॅफिलिएशन अ‍ॅग्रीमेंट व्हायला लागतं, म्हणजे स्टुडंट तिथे शिकेल असा करार, दोन्हीकडचे वकील वाचणार, शब्द बदलणार, परत पाठवणार, यात महिने जातात आणि एजन्सी त्याची जबाबदारी घेत नाही. माझी सुरुवात अशीच पुढे गेली आणि उरलेल्या सेमिस्टरमध्ये तास कोंबायला लागले, नोकरीच्या नाईट शिफ्ट्स सांभाळून. फोन केला की सेल्सवाले लगेच उचलतात, पैसे भरून झाल्यावर मात्र ईमेल करा म्हणतात. आणि कॉन्ट्रॅक्टमध्ये बारीक अक्षरात होतं की स्कूलने साईट नाकारली तर रोख परत नाही, पुढच्या रोटेशनसाठी क्रेडिट. शेवटचं रोटेशन असलेल्या मुलीने ते क्रेडिट घेऊन काय करायचं?

मला खरा राग स्कूल्सचा आहे. क्लिनिकल कोर्सची दर अकॅडमिक क्रेडिटमागे फी घ्यायची आणि क्लिनिकल जिथे होतं ती जागा स्टुडंटने विकत घ्यायची, हे कुठल्याही अर्थाने बरोबर नाही. पुरेशा क्लिनिकल साईट्स असतील हे बघणं प्रोग्रॅमचं काम आहे असं सीसीएनईचे (नर्सिंग प्रोग्रॅम्सना मान्यता देणारी संस्था) अ‍ॅक्रेडिटेशन स्टँडर्ड्सच म्हणतात. अ‍ॅडमिशन घेण्याआधी डायरेक्टरला लेखी विचारा, मला साईट नाही मिळाली तर तुम्ही काय करणार, आणि गोलमोल उत्तर आलं तर दुसरं स्कूल बघा.

एजन्सीकडे जायच्या आधी स्वतः विचाराच, आपल्या हॉस्पिटलमधले एनपी, मॅनेजर, स्वतःचे डॉक्टर, राज्याची एनपी असोसिएशन. नुसतं "प्लीज घ्या" म्हणू नका, त्यांनाही काय मिळतं ते एका पानावर लिहून द्या. प्रिसेप्टिंगचे १२० तास एएनसीसीच्या (एनपींना सर्टिफिकेट देणारी एक संस्था) रिन्युअलला धरले जातात. जॉर्जिया, मेरीलँड, हवाईसारख्या राज्यांत प्रिसेप्टरला टॅक्स क्रेडिट आहे. आणि २०२० पासून मेडिकेअरच्या (सरकारी आरोग्य विमा) नियमाने एनपी स्टुडंटने लिहिलेली नोट प्रिसेप्टरला पुन्हा पहिल्यापासून लिहायला लागत नाही, तपासून सही केली की झालं, हे बऱ्याच क्लिनिक्सना अजून माहीत नाही. स्टुडंट घेतला की पेशंट कमी बघून होतात आणि प्रिसेप्टरचा पगार बऱ्याचदा आरव्हीयूवर (किती काम केलं त्याचं मोजमाप) असतो, नकारामागे बहुतेक वेळा हेच असतं, त्यामुळे चार्टिंगचा भार मी उचलते म्हटलं की ऐकून तरी घेतात.

माझं रेटिंग: प्रिसेप्टरला ५ पैकी ५, सर्व्हिसला ३. सगळीकडे विचारून झालं असेल आणि ग्रॅज्युएशन अडत असेल तर घ्या. पण डिपॉझिटआधी फोनवर नाही, ईमेलवर विचारा: या साईटचं माझ्या स्कूलशी अ‍ॅग्रीमेंट आधीच आहे का, प्रिसेप्टरने मधेच सोडलं तर किती दिवसांत दुसरा देणार, रिफंड रोख का क्रेडिट, आणि तिथे स्टुडंटला ईएमआरचं (पेशंटच्या इलेक्ट्रॉनिक नोंदींची सिस्टीम) लॉगिन मिळतं का.